नववीतल्या मुलाला कादंबरी वाचून दाखवायची तर

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका आईचा आहे. मुलगा नववीत, सेमी-इंग्रजीला. मुलगी सहावीत. परदेशातल्या मामाने लिंडा सू पार्क यांची ‘अ सिंगल शार्ड’ ही कादंबरी पाठवली, मुखपृष्ठावर सोनेरी पदकाचा शिक्का. रात्री जेवणं झाल्यावर त्या ती इंग्रजीतून वाचून दाखवायला लागल्या. मुलगी ऐकते. मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, “मी काय लहान आहे का?” आता तो बसतो, पण आईचे उच्चार दुरुस्त करायला. नवऱ्याचं म्हणणं, नववीतल्या पोराला कुणी वाचून दाखवतं का? दोन प्रकरणं झालीत. पुढे जाऊ का, इंग्रजीतच वाचू का, मध्येमध्ये प्रश्न विचारू का, आणि शेवटी कुणीतरी मरतं असं कळलंय तर तो भाग गाळू का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुम्ही नेमकं पुस्तक घेऊन आलात. शहराच्या पूर्व भागात एका खोलीत मी दर शनिवारी सातवी ते नववीच्या मुलांना वाचून दाखवते, त्याला आता पंधरा वर्षं झाली. ही कादंबरी त्यात पाच वेळा झाली आहे. दोनदा फसली, तीनदा जमली. फसली ती माझ्यामुळे, ते पुढे सांगतेच.

आधी तुमच्या यजमानांच्या शंकेबद्दल. श्रावणात घरोघरी पोथी लागते तेव्हा पुढे बसलेली माणसं किती वयाची असतात? ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ लिहिणारे श्रीधरस्वामी आपल्याच जिल्ह्यातले, सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचे. त्यांच्या ओव्या तीनशे वर्षं मोठ्याने वाचल्या जातायत, आणि ऐकायला बसणाऱ्यांत वाचता न येणारे असतात तसे अख्खा अध्याय तोंडपाठ असलेलेही असतात. “आजी, तुम्हाला वाचता येतं ना, मग मनातल्या मनात वाचा,” असं त्यांना कुणी म्हणत नाही. वाचून दाखवणं हे लहान मुलांचं काम, ही समजूत शाळेतून आली. तिसरी-चौथीपर्यंत प्रकटवाचन, पुढे मूकवाचन, आणि त्यापुढे फक्त स्वाध्याय. शिवाय साधारण आठवीपर्यंत मुलांना ऐकून जेवढं कळतं तेवढं वाचून कळत नाही, असं वाचन शिकवणारे मानतात. पुस्तक परक्या भाषेतलं असलं तर हे अंतर आणखी लांबतं. तुमचा मुलगा इंग्रजी उच्चार बिनचूक करतो म्हणजे त्याला ते पान कळलंच, असं समजू नका.

पण “मी काय लहान आहे का?” या वाक्याचा राग धरू नका. त्याला लहान बहिणीच्या शेजारी, तिच्यासारखं मांडी घालून, आईच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. एवढंच त्याचं म्हणणं आहे आणि ते रास्त आहे. त्याला हाताला काम द्या. आपल्याकडे घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील; हात चालू असतात आणि कान मोकळे. क्यूबात सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून पगारी वाचक ठेवायची पद्धत पडली. कामगार पानं वळत आणि वाचक उंच जागी बसून वर्तमानपत्र वाची, कादंबऱ्या वाची. मोठी, मिशीवाली माणसं ऐकत. आमच्या गटातल्या एका मुलीची आई अशीच. मुलगी शनिवारी ऐकलेलं प्रकरण रविवारी घरी सांगते आणि आई सूप मांडीवर घेऊन विडी वळत ऐकते. मागच्या वर्षी हीच कादंबरी चालू असताना त्या बाईंनी मला निरोप पाठवला होता, “ते पोरगं राजधानीला पोचलं का नाही, तेवढं सांगा.”

तर मुलाला भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढायला बसवा. चटणीला लागतातच. अख्ख्या शेंगा मात्र देऊ नका. मी एकदा दिल्या होत्या, त्या कडकडाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना. मेथी निवडणं चालतं, सायकलची साखळी पुसणं चालतं, वहीला कव्हर घालणंही चालतं. मोबाइल चालत नाही, कारण तिथे हात, डोळे आणि कान तिन्ही जातात. आणि बसायची सक्ती नको. आतल्या खोलीत आडवा पडून ऐकतो म्हणाला तर दार उघडं ठेवा आणि आवाज थोडा चढवा. ऐकतो तो.

आता भाषा. इंग्रजीतून वाचू नका. तुम्ही अडखळता म्हणून मी हे सांगत नाही. घरात जी भाषा रडायला आणि चिडवायला वापरली जाते त्या भाषेत गोष्ट आली तर मोठं मूल ऐकतं, म्हणून सांगते. मी पुस्तक इंग्रजीच हातात धरते आणि तोंडाने मराठीत सांगत जाते. आदल्या रात्री ते प्रकरण एकदा वाचून घेते, अडणाऱ्या शब्दांवर पेन्सिलीने बारीक मराठी शब्द लिहून ठेवते. एवढी तयारी झाली की ओघ येतो. आणि उच्चार दुरुस्त करणाऱ्या चिरंजीवांना नोकरीवर घ्या. प्रत्येक प्रकरणाचा पहिला परिच्छेद त्याने इंग्रजीत वाचायचा, तिथून पुढे तुम्ही मराठीत. धाकटीने लक्ष ठेवायचं, आईने काही गाळलं का. चुका काढायची हौस अशी कामाला लागली की कुरबूर थांबते. मात्र एकच परिच्छेद. पानभर त्याच्याकडे दिलंत की रात्रीची गोष्ट जाते आणि इंग्रजीचा तास सुरू होतो.

हे पुस्तक मराठीत सांगायला फार गोड आहे. का, ते दाखवते. गोष्ट बाराव्या शतकातल्या कोरियातली, चुलपो नावाच्या समुद्रकाठच्या कुंभारांच्या गावातली. तिथली सेलाडॉनची भांडी, म्हणजे हिरवट-निळ्या झिलईची, दूरवर प्रसिद्ध होती. एक अनाथ मुलगा आणि एक पाय अधू असलेला म्हातारा पुलाखाली राहतात. गावातले लोक भेटले की एकमेकांना विचारतात, आज नीट जेवलात ना? आपल्याकडेही तेच की. भर दुपारी चार वाजता भेटलेला माणूससुद्धा “जेवण झालं का?” विचारतो. हे दोघे भुकेकंगाल, म्हणून त्यांनी त्या विचारपुशीची उलटी थट्टा करून ठेवली आहे. इंग्रजीत ती वाचली तर मुलं नुसती ऐकून घेतात. मी म्हणते, “काय रे, आज पोटभर उपास घडला का?” आणि खोलीत पहिलं हसू येतं. पहिल्या पानावर हसू आलं की पुढचा महिना तुमचा. तुमची पहिली दोन प्रकरणं झाली आहेत, तरी पुन्हा पहिल्यापासून मराठीत घ्या. मुलगा म्हणेल, हे झालंय. म्हणू द्या.

नावांचं काय करायचं? मुलाचं नाव एका अळंबीवरून ठेवलेलं आहे, बी न रुजता झाडाच्या ओंडक्यावर आपोआप उगवणारी, कानाच्या आकाराची अळंबी. अनाथाला शोभेल असं. मी त्याला झाडकान म्हणते. पहिल्या दिवशी मुलं खिदळतात, तिसऱ्या दिवशी ते त्याचं खरंच नाव होऊन जातं. म्हाताऱ्याचं नाव क्रौंच पक्ष्यावरून, एका पायावर उभा राहतो म्हणून. मी करकोचेबाबा म्हणायला लागले. मुलांनी करकोचा पाहिलेला नाही. एकाने विचारलं, “तळ्यातल्या बगळ्यासारखं का?” तेव्हापासून बगळेबाबा. पक्षिशास्त्राने ही चूकच आहे, क्रेन म्हणजे बगळा नव्हे. शेवटाकडे फुलदाणीवर उडणारे पक्षी येतात तिथे मी करकोचेच म्हणते, आणि हा घोटाळा आपणच केलाय याची आधी आठवण करून देते. झाडकान ज्याच्याकडे कामाला लागतो त्या कुंभार मिनच्या बायकोला तो जे म्हणतो ते आपल्या काकू-मावशीसारखं संबोधन आहे, आजिमा. मी बदलायला गेले होते, मुलांनीच ठेवायला लावलं. त्यांना त्यात आजी ऐकू येते.

आणि ‘तू-तुम्ही’. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, पण मराठीत वाचायला बसलं की प्रत्येक वाक्यापाशी ठरवावं लागतं. झाडकान मिनला ‘अहो मालक’ म्हणतो. मिन त्याला नावाने हाकच मारत नाही, नुसतं ‘ए पोरा’. बगळेबाबा ‘अरे बाळा’. हे एकदा ठरवलं आणि पाळलं की कोण बोलतंय ते ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ न लावताही कळतं. शेवटच्या पानांत एका ठिकाणी हाक बदलते, तिथे मुलं आपसूक मान वर करतात. इंग्रजीत वाचताना मला हे कधी जाणवलंही नव्हतं.

सोलापुरी बोली घालू का, असंही तुमच्या मनात येईल. मिठाइतकी. एकदा मी मिनच्या तोंडी “काय करलालास बे तिथं?” घातलं तर पोरं गडबडा लोळली. मजा आली, म्हणून पुढच्या पानावर आणखी घातलं आणि मिनचा धाकच गेला. तो माणूस तिरसट आहे, तोलूनमापून बोलणारा आहे, त्याला गमत्या करून चालत नाही. आता मी बोली गावातल्या फिरत्या लोकांपुरती ठेवते.

बाराव्या शतकातला कोरिया मुलांना कसा समजावून सांगायचा, याची मला पहिल्या वर्षी फार काळजी होती. नकाशा नेला होता, चार चित्रं नेली होती. सगळं वाया. मग जानेवारीत, सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची गड्ड्याची यात्रा नुकतीच झालेली असताना, पुस्तक सुरू केलं. मी म्हटलं, ही आठेकशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एक मुलगी म्हणाली, “म्हणजे आपल्या सिद्धरामेश्वरांच्या वेळची. तेव्हा आपल्याकडेपण कुंभार होते की.” तिचं बरोबर होतं. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, आणि यात्रेतला अक्षता सोहळा म्हणजे कुंभारकन्येचं त्यांच्या योगदंडाशी लागलेलं लग्न. संमती कट्ट्यावर दरवर्षी अक्षता टाकणाऱ्या, नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले लोक लहानपणापासून पाहणाऱ्या मुलांना मी नकाशा दाखवत बसले होते! तेव्हापासून मी काळ सांगताना एवढंच म्हणते, इकडे कुंभाराची लेक होती तेव्हा तिकडे कुंभाराच्या दारात हा पोरगा होता. चाकावर चढलेली माती मात्र बहुतेकांनी पाहिलेली नसते. कुंभार वेस हे नाव रोज तोंडात, पण माठ कसा उठतो ते ठाऊक नाही. जमलं तर मुलांना एकदा ओळखीच्या कुंभाराकडे घेऊन जा. पुस्तक सुरू करण्याआधी नको, झाडकान चाकाकडे चोरून बघायला लागला की मग.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. माझ्या मते सगळं यावर आहे. प्रश्न विचारू नका. थांबा.

फरक सांगते. पहिल्याच प्रकरणात एक माणूस पाठीवर गवताने विणलेल्या टोपलीवजा पेटीतून तांदूळ घेऊन चाललाय. पेटीला भोक पडलंय आणि मागे दाण्यांची रेघ लागली आहे. त्याला पत्ता नाही. झाडकान मागून चालतोय, दोन दिवसांचा उपाशी म्हणा. ओरडून सांगितलं तर सांडणं थांबेल. गप्प बसलं तर आज दोघांचं पोट भरेल. इथे मी पुस्तकात बोट घालून ते मिटते आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावते. सावकाश पिते. काही विचारत नाही. “तुम्ही असता तर काय केलं असतं?” हा प्रश्न विचारला की मुलं मूल्यशिक्षणाच्या तासाचं उत्तर देतात, “खरं सांगितलं असतं, मॅडम.” न विचारता नुसतं थांबलं तर कुणीतरी आपणहून बोलतं. आमच्याकडे एक आठवीतला पोरगा स्वतःशीच पुटपुटला, “थोडं सांडू द्यायचं. मग सांगायचं.” दुसरा म्हणाला, ही चोरी. पहिला म्हणाला, मग उसाच्या ट्रॉलीतनं ऊस ओढतो ती काय असते? साखर कारखान्यांचा जिल्हा आपला. गाळप हंगामात ट्रॅक्टरमागे पळून ऊस न ओढलेलं पोर त्या खोलीत एकही नव्हतं. ओढलेला ऊस आणि पडलेला ऊस यांत फरक काय, ड्रायव्हरने आरशात बघून दुर्लक्ष केलं तर ते दिल्यासारखं की नाही, यावर वीस मिनिटं गेली. मी एक शब्द बोलले नाही. मग बोट होतं तिथून पुस्तक उघडलं. झाडकानने जे केलं ते त्या पुटपुटणाऱ्या पोराच्या बरंच जवळचं निघालं. त्याने काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे, तुमची पहिली दोन प्रकरणं झालीत.

तर नियम असा केलाय मी: पात्राला ठरवायचं आहे आणि त्याने अजून ठरवलेलं नाही, तिथे थांबायचं. प्रकरण संपलं म्हणून थांबायचं नाही, घड्याळात नऊ वाजले म्हणूनही नाही. थांबल्यावर कुणी बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तर घोटभर पाणी पिऊन पुढे जायचं. शब्दार्थ नको, ‘कोण कोणास म्हणाले’ नको, तात्पर्य तर अजिबात नको. तुमचा मुलगा पहिल्या आठवड्यात बोलणार नाही. तुम्ही परीक्षा घेणार नाही आहात याची त्याला खात्री पटायला एवढा वेळ लागतोच.

दुसरी अशी जागा मध्यावर येते. कांग नावाच्या प्रतिस्पर्धी कुंभाराने भांड्यात नक्षी कोरून त्यात वेगळ्या रंगाची माती भरायची नवी युक्ती काढली आहे आणि तो ती लपवून करतोय. झाडकान ती फटीतून पाहतो. मिनला सांगितलं तर ती चोरी का? कल्पना चोरता येते का? तुमच्या भागात कसं असेल ठाऊक नाही, आमच्या पूर्व भागात या जागी कुणाला गप्प बसवत नाही. घरोघरी यंत्रमागावर कुणी ना कुणी कामाला असतं. तेलुगू बोलणारी, मराठी लिंगात गडबडणारी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी तावातावाने उभी राहिली. “मॅडम, चादरचं डिझाइन असंच जातंय. एकानं जकार्डला लावलं की आठवड्यात शेजारचं करतंय.” जकार्ड म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर विणलेल्या चादरी सोलापुरी म्हणून खपवल्या जातातच, हे त्या मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तिने डोळ्यांनी पाहिलेलं आणि तोंडाने सांगितलेलं यांत फरक केला. पाहणं चालतं म्हणाली, नकळत दिसतं. सांगणं मात्र ठरवून होतं. मला स्वतःला हे इतकं स्वच्छ मांडता आलं नसतं. तिचं ‘ती’ आणि ‘तो’ मी त्या दिवशी दुरुस्त केलं नाही, आणि तुमच्याकडेही धाकटीची वाक्यं मध्येच सरळ करू नका.

वेगाबद्दल थोडक्यात. एकूण तेरा प्रकरणं आहेत. मराठीत सांगत गेलं तर एक प्रकरण माझं दोन बैठकांत होतं, बैठक पंचवीस मिनिटांची. म्हणजे आठवड्याला चार रात्री धरल्या तर साधारण दीड महिना. नळाला पाणी येण्याचा दिवस असेल त्या रात्री वाचू नका; अर्धं लक्ष टाकीकडे असतं. परीक्षेच्या आठवड्यात बंद ठेवा, पण पुस्तक डोळ्यांसमोरच्या फळीवर राहू द्या, आत ठेवून देऊ नका.

आता शेवट. तुम्ही स्वतः आधी वाचणारच आहात, म्हणून उघड लिहिते. धाकटीच्या हाती हा मजकूर लागणार नाही एवढं बघा.

मिनने घडवलेल्या दोन फुलदाण्या पाठीवर घेऊन झाडकान राजधानी सोंगडोकडे पायी निघतो. वाटेत पुयोच्या कड्यावर चोर गाठतात आणि फुलदाण्या कड्यावरून खाली भिरकावतात. ही जागा उत्कंठेची आहे म्हणून बरेच जण इथे पुस्तक मिटतात. मी मिटत नाही. सगळं फुटलंय आणि हातात काहीच नाही, अशा ठिकाणी मुलांना झोपायला पाठवू नये. आमच्या गटाला तर आठवडाभर तसंच राहावं लागलं असतं. झाडकान खाली उतरतो, वाळूत शोधतो, एक तुकडा सापडतो. तो तुकडा त्याच्या हातात येईपर्यंत वाचायचं, मग भले चाळीस मिनिटं होवोत. तुकडा घेऊन पुढे जायचं की मागे फिरायचं, ते त्याला ठरवायचं आहे. तिथे थांबा. माझा नियम इथेही तोच.

आणि मग तो परत येतो, आणि बगळेबाबा गेलेला असतो. पुलावरून जाताना गाडीचा धक्का लागून, कुजलेला कठडा मोडून. झाडकानने दिलेलं मातीचं छोटं माकड त्याच्या हातात असतं.

हे गाळू नका. पहिल्या खेपेला मी गाळलं नव्हतं, पण त्याहून वाईट केलं. प्रकरण संपवलं, पुस्तक मिटलं, आणि सुरात विचारलं, “काय वाटलं तुम्हाला?” खोली बंद झाल्यासारखी झाली. कुणी बोलेना म्हणून मी एकेकाला नावाने विचारत गेले. त्यातल्या एका मुलाचे आजोबा त्याच महिन्यात वारले होते. मला माहीत नव्हतं, पण माहीत असायला हवं होतं. बारा मुलं होती, बारा घरं. तो “चांगलं होतं मॅडम” म्हणाला, चपला घातल्या आणि पुढचे तीन शनिवार आलाच नाही. चौथ्या शनिवारी आला तो मीच घरी जाऊन आले म्हणून. त्या वर्षीची उरलेली पानं कुणी मनापासून ऐकली नाहीत. दुसऱ्या खेपेला मी भीतीने तो भाग दोन वाक्यांत उरकला, आणि मुलांनी ते लगेच ओळखलं. “मॅडम, तुम्ही पानं सोडली,” असं एकाने तोंडावर सांगितलं. दोन्ही चुका माझ्याच.

आता मी काय करते? त्या बैठकीला फक्त तेवढंच वाचते, सावकाश, आवाज न चढवता. रडका सूर लावत नाही. लेखिकेने तिथे शब्द मोजून वापरलेत, आपण त्यात पाणी घालायचं नाही. गळा दाटला तर थांबते. एकदा पुढे वाचवेना तेव्हा पुस्तक शेजारच्या नववीतल्या मुलाकडे सरकवलं. त्याने अडखळत, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी करत पान पुरं केलं. त्या पाचही खेपांतलं सगळ्यात चांगलं वाचन तेच. संपल्यावर मी दाण्यांचा डबा फिरवते. मुलं खातात, दोघं-तिघं उगाच पुस्तक हातात घेऊन ते पान स्वतः बघतात, घरी जातात. बोलायचं असेल तो पुढच्या वेळी बोलतो, किंवा घरी आईशी. तुमचा मुलगा त्या रात्री काही न बोलता उठून गेला तर जाऊ द्या. मागून हाक मारू नका. धाकटी मात्र विचारेल, खरंच मेला का? “हो” म्हणा. आणि तिच्या शेजारी थोडा वेळ बसा.

उरलेला शेवटचा भाग त्याच रात्री जोडू नका. एक दिवस जाऊ द्या. त्यात आजिमा झाडकानला नवं नाव देते, तिच्या स्वतःच्या वारलेल्या मुलाच्या नावाशी जोडलेलं. वर मी म्हटलं ती बदलणारी हाक हीच. मिन तसाच गुरगुरत त्याला लाकडं तोडून आणायला पाठवतो. लाकडं कसली, ते मुलांच्या लक्षात यायला जरा वेळ लागतो. सांगू नका. आमच्याकडे दर वेळी कुणीतरी अचानक ओरडतं, “चाकासाठी! त्याच्या चाकासाठी!” ते ओरडणं आपल्या तोंडून जाऊ द्यायचं नाही.

पदकाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. न्यूबेरी पदक अमेरिकेत १९२२ पासून दिलं जातं, अठराव्या शतकातल्या एका इंग्रज पुस्तकविक्रेत्याच्या नावाने. या पुस्तकाला ते २००२ मध्ये मिळालं. पण पदक मोठी माणसं देतात, तीही मनात वाचून. पदकवाली काही पुस्तकं मोठ्याने वाचायला घेतली की पाय चिखलात रुतल्यासारखी चालतात. पुढचं पुस्तक निवडताना पहिलं पान आणि मधलं कुठलंही एक पान रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचून बघा. दम लागला किंवा कोण बोलतंय ते तुम्हालाच कळेना, तर ते पुस्तक मुलांना नुसतं हातात द्या. मराठीतच निवडायचं तर साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते. सलीम मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला तो २०१९ मध्ये मिळाला, संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला २०२२ मध्ये. दुसरं धाकटीला आपलंआपण वाचायला द्या. आपल्या हिराचंद नेमचंद वाचनालयात मुलांना घेऊन जा आणि निवड त्यांच्यावर सोडा. निदान तीन पुस्तकांतून एक तरी.

आणि एक. या गोष्टीच्या शेवटी जी फुलदाणी येते, उडत्या करकोच्यांची, ती खरोखर आहे. सोलमधल्या कानसोंग संग्रहालयात. ती कुणी घडवली हे इतिहासाला ठाऊक नाही, म्हणून लेखिकेला ही कादंबरी रचता आली. तिचा फोटो आधी दाखवू नका, मुखपृष्ठावरून कुणी विचारलं तरी विषय बदला. शेवटचं पान झालं की तुमच्या मुलालाच शोधायला सांगा. मोठा करून बघितला तर गोलांच्या आतले करकोचे वर उडताना आणि बाहेरचे खाली येताना दिसतात. मोजायला लागतात मुलं. मोबाइल त्या रात्री चालेल.